आमची वाटचाल : चौथ्या क्रमांकाची फीत

पदकं बनवणाऱ्याचं चौथ्या क्रमांकाशी काही देणंघेणं नसतं. सोनेरी, रुपेरी, कांस्य, संपला हिशेब. जस्ताचं ओतकाम, मुलामा, ठसे कोरणं हे मी आणि धाकट्या भावाने कसं शिकून घेतलं, कर्ज कसं फेडलं, ते सांगत बसत नाही. सगळ्याच धंद्यांत ते थोडंफार तसंच असतं.

वळण मिळालं ते एका शाळेच्या ऑर्डरमुळे. तेव्हा पाटीवर सरळ ‘मतिमंद’ लिहीत; आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात, तेच बरं. त्यांना पदकांसोबत चौथ्या ते आठव्या क्रमांकाच्या फिती हव्या होत्या. मला वाटलं, पोराला कशाला सांगायचं, तू सातवा आलास? शहाणपणा करून सगळ्या फितींवर ‘सहभाग’ छापलं. दुसऱ्या दिवशी खोकं परत! बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “दादा, तो धावून सातवा आलाय. त्याचा नंबर तुम्ही का काढून घेता?”

पदरमोड करून फिती पुन्हा छापल्या. लाज खर्चाची नव्हती वाटली.

स्पेशल ऑलिंपिक्स, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धा, सुरू करणाऱ्या अमेरिकेच्या युनिस केनेडी श्रायव्हर यांचं नाव बाईंकडूनच कळलं. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग. 1941 मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि होतं तेही गेलं. युनिस यांनी 1962 मध्ये मेरीलँडमधल्या स्वतःच्या घराच्या अंगणात अशा मुलांसाठी शिबिर भरवलं. त्यातूनच पुढे 1968 च्या जुलैमध्ये शिकागोत पहिलं स्पेशल ऑलिंपिक्स झालं. तिथे वय आणि क्षमता पाहून तोडीस तोड खेळाडूंचे गट पाडतात, एका गटात जास्तीत जास्त आठ. पहिल्या तिघांना पदक, पुढच्या प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाची फीत. म्हणजे फीत ही दया नव्हे, निकाल आहे. आणि मी तोच खोडला होता.

1995 मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने युनिस यांच्या चेहऱ्याचा चांदीचा डॉलर काढला. हयात स्त्रीचा चेहरा तिथल्या नाण्यावर येण्याची ती पहिलीच वेळ. आम्हा ठसेवाल्यांना त्याचं अप्रूप जरा जास्तच!

11 ऑगस्ट 2009 ला त्या गेल्या. तसबिरीला हार घालणं काही आमच्याच्याने झालं नसतं. तेव्हापासून चौथ्या ते आठव्या क्रमांकाच्या फितींवर आम्ही नफा लावत नाही, एवढंच. भाऊ आधी कुरकुरला. हल्ली बिल करताना तोच ती ओळ तपासतो.

पॅकिंगला आता डाउन सिंड्रोम असलेला एक तरुण आहे, इतरांइतक्याच पगारावर. त्याच्यासाठी आठ कप्प्यांचा लाकडी ट्रे करून घेतला. मोठी बेरीज त्याला जमत नाही, पण रिकामा कप्पा त्याच्या नजरेतून सुटत नाही. परवा घाईत मीच टेप लावायला गेलो, तर हात खोक्यावर आडवा ठेवून म्हणाला, “थांबा, सहावा राहिलाय.”