चेरीपायसाठी नॉर्थ बेंडला

दादा-वहिनी अमेरिकेत सिएटलजवळ रेडमंडला राहतात. वहिनीला धबधबा पाहायचा होता, मला 'ट्विन पीक्स' या टीव्ही मालिकेतलं डायनर, म्हणजे साधं अमेरिकन हॉटेल. सकाळी लवकर निघालो तर दोन्ही होईल, असं ठरलं आणि आय-९० महामार्गाने निघालो. सिएटलहून नॉर्थ बेंड जेमतेम ५० किलोमीटर, एक्झिट ३१. बस आहे, पण फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे गाडी असलेली बरी.

'ट्विन पीक्स' १९९० साली एबीसी या अमेरिकन वाहिनीवर आली. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची निर्मिती. लॉरा पामर या मुलीच्या खुनापासून सुरू होणारी ही गोष्ट सारखी ज्या टेबलांपाशी येऊन टेकते, ते डबल आर डायनर म्हणजे नॉर्थ बेंडच्या मुख्य रस्त्यावरचा ट्विड्स कॅफे. मी मालिका हॉस्टेलवर असताना पाहिली. त्यातली भीती हळूहळू विसरले. डायनरच्या मालकीण नॉर्माचं काउंटर आणि तपासाला आलेल्या एफबीआयच्या कूपरची कॉफी मात्र मनात राहिली.

चित्रीकरणाच्या वेळी या कॅफेचं नाव मार-टी होतं. पायलट, म्हणजे पहिला भाग इथे, खऱ्या कॅफेत चित्रित झाला. पुढच्या भागांसाठी लॉस एंजेलिसकडे सेट उभारला गेला. मग २००० साली कुणीतरी कॅफेला आग लावली आणि आतलं सगळं जळालं. पुन्हा बांधला तेव्हा जुना चेहरा राहिला नव्हता. २०१५ मध्ये तिसऱ्या पर्वासाठी लिंच मंडळी परतली आणि त्यांनी आतला भाग मालिकेत दिसायचा तसा पुन्हा घडवला. चित्रीकरण आटोपल्यावरही तो तसाच ठेवला गेला. मालिकेने गावाकडून घेतलेली जागा पंचवीस वर्षांनी गावाला परत दिली. काउंटरच्या उंच स्टुलावर बसले तेव्हा हेच डोक्यात होतं आणि मला खरोखर भरून आलं.

आणि ही जागा नुसती पर्यटकांची नाही. शेजारच्या टेबलावर चिखलाच्या बुटांतले दोन आजोबा अंडी-बटाटे खात होते. आपल्याकडे एसटी स्टँडजवळच्या जुन्या हॉटेलात रोजची मंडळी बसतात ना, अगदी तसे. म्हणून सांगते, फोटो काढताना लोकांची तोंडं टाळा आणि गर्दी असेल तर टेबल अडवून बसू नका. शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी जा. चेरीपाय आंबटगोड, सोबत काळी कॉफी हवीच. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी पायच्या कवचात प्राण्यांची चरबी आहे का, हे विचारून घ्या. अमेरिकेत ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. टिप १५ ते २० टक्के धरा.

बाहेर आलात की मान वर करा. गावाच्या डोक्यावर माउंट साय उभा आहे, १,२७० मीटर. चढायचा असेल तर अर्धा दिवस वेगळा काढा आणि गाडी लावण्यासाठी लागणारा राज्याचा परवाना, डिस्कव्हर पास, आधीच घ्या. आम्ही खालूनच पाहिला, तोही ढगांतून.

स्नोक्वाल्मीचा धबधबा तिथून पंधराएक मिनिटांवर. ८२ मीटरची धार. शीर्षकगीतात दिसतो तोच हा, आणि काठावरचं सॅलिश लॉज म्हणजे मालिकेतल्या ग्रेट नॉर्दर्न हॉटेलची बाहेरची बाजू. आत मालिकेतल्या खोल्या शोधू नका. हॉटेलच्या आतली पायलटमधली दृश्यं पलीकडे पोल्सबोजवळ कियाना लॉजमध्ये घेतली होती. इथल्या मूळनिवासी स्नोक्वाल्मी लोकांसाठी हा धबधबा पवित्र आहे, आणि २०१९ मध्ये त्यांनी लॉज आणि आजूबाजूची जमीन विकत घेतली. वहिनी कठड्यापाशी बराच वेळ गप्प उभी होती. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं. आम्ही नोव्हेंबरात गेलो, तेव्हा तुषारांनी चष्मे भिजले. रेनकोट आणि कॅमेरा पुसायला कोरडं फडकं जवळ ठेवा.

मालिकेतलं शेरीफचं ऑफिस आता डर्टफिश नावाची रॅली ड्रायव्हिंगची शाळा आहे. गाड्या धावत असतात, आधी स्वागतकक्षात विचारा. रेनिग रोडवर मालिकेतल्या 'ट्विन पीक्स' गावाच्या पाटीची जागा आहे. तिथे पदपथ नाही, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा. जवळच्या जुन्या रेल्वेपुलावरून आता पायी जाता येतं. पायलटमध्ये रॉनेट ही हल्ल्यातून वाचलेली मुलगी भेदरलेली चालत येते, तो हाच पूल. तिथे आम्ही तिघंच होतो, खाली नदी दुथडी भरलेली. फॉल सिटीतलं, मालिकेतला बार म्हणून दिसणारं रोडहाउस पाहायचं राहिलं, कारण साडेचारलाच अंधारलं. हिवाळ्यात जाणार असाल तर डायनर सोडून बाकी सगळं चारच्या आत उरका.