तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र काढता येत नाही, मग स्टोरीबोर्ड कसा शिकायचा?

‘अनुभवी दिग्दर्शकाकडे स्टोरीबोर्ड शिकायची संधी आहे, पण मला चित्रं काढता येत नाहीत. जाऊ का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. जरूर जा. स्टोरीबोर्ड म्हणजे शूटिंगआधी प्रत्येक शॉट कागदावर एकेका चौकटीत काढून क्रमाने मांडणं. डोक्याला गोल आणि अंगाला चार रेघा एवढं जमलं तरी पुरतं. प्रेक्षकाला काय आधी दाखवायचं, काय नंतर आणि कुठून, याचे निर्णय दिग्दर्शकाकडून शिकायचे असतात.

मोठ्या चित्रकार-दिग्दर्शकांची उदाहरणं ऐकून लोक बिचकतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे; प्रसंग आधी कागदावर मांडायची त्यांची पद्धत होती आणि शांताराम, दामले, फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले. सत्यजित राय जाहिरात संस्थेत चित्रकार होते. 1955च्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी चित्रांची वहीच केली. हात त्यांचा होता, पण त्या कागदांवरून शिकायचा तो क्रम.

एक प्रसंग घ्या. बँकेचा माणूस जप्तीची नोटीस घेऊन आलाय, सून दार उघडते, आतल्या खोलीत सासरे पेपर वाचताहेत. नोटिशीचा क्लोजअप आधी ठेवला, तर प्रेक्षकाला सुनेच्या आधी कळतं आणि तो तिची काळजी करू लागतो. आधी तिचा चेहरा दाखवला, तर कागदात काय आहे याची उत्सुकता राहते. कागद दाखवलाच नाही, ती तो पदराआड धरते आणि मागे दारातून सासरे दिसतात एवढंच ठेवलं, तर प्रसंग लपवण्याचा होतो. प्रसंग तोच, गोष्टी तीन. दिग्दर्शकाला विचारायचं ते हेच: या क्षणी कुणाला काय माहीत असायला हवं?

कामाची सुरुवात चौकटीपासून करू नका. आधी वरून दिसणारा खोलीचा नकाशा काढा: दारं, खिडक्या, फर्निचर, माणसं, त्यांच्या हालचाली. बोलणाऱ्या दोघांमधून एक रेघ ओढा आणि कॅमेऱ्याच्या जागा तिच्या एकाच बाजूला मांडा. ही लाइन नकळत क्रॉस झाली, की समोरासमोरची माणसं एकाच दिशेला बघताना दिसतात. सेटवर ‘लूक चुकला’ म्हणतात ते हेच, आणि एडिटला ते सहसा सुधारत नाही. लाइन ओलांडायचीच असेल, तर कॅमेरा किंवा माणूस डोळ्यांदेखत पलीकडे गेला पाहिजे.

मग छोट्या चौकटी. पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण 16:9 असेल तर 8 सेंमी रुंद, 4.5 सेंमी उंच. ए-फोर कागदावर सहा आरामात बसतात. एका चौकटीला दोन मिनिटांहून जास्त देऊ नका. सुबक चित्र फाडायला मन होत नाही आणि चुकीचा शॉट तसाच राहतो. माणसाची हालचाल चौकटीच्या आत बारीक बाणाने, कॅमेऱ्याची चौकटीबाहेर जाड बाणाने. ट्रॉली, म्हणजे चाकांवरून सरकणारा कॅमेरा, असेल तर पहिली आणि शेवटची अशा दोन चौकटी काढा, क्रमांक 12-अ आणि 12-ब. खाली लेन्स, आवाज, सेकंद.

सगळ्यात जास्त फसगत लेन्सवर होते. कागदावर काहीही मावतं, खोलीत नाही. चौकटीत किती रुंदी मावेल याचा हिशेब सोपा आहे: माणसापर्यंतचं अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाची) रुंदी, भागिले लेन्सचे मिलिमीटर. सिनेमाच्या कॅमेऱ्यांतला सुपर 35 मापाचा सेन्सर सुमारे 25 मिमी रुंद असतो. म्हणजे 10 फुटांवरून 50 मिमीची लेन्स साधारण 5 फूट रुंद आणि 16:9 मध्ये 2.8 फूट उंच एवढंच पकडते. माणूस डोक्यापासून जेमतेम कमरेपर्यंत. चाळीतल्या 10 बाय 12च्या खोलीत त्याच लेन्सने तो पायापर्यंत येणार नाही. 18ची लावावी लागेल, मग कडेच्या भिंती ताणल्यासारख्या दिसतात. ते प्रसंगाला चालेल का, हे शूटिंगआधीच ठरवायला हवं. लोकेशनची मापं टेपने घ्या, अंदाजाने नको.

चौकटी झाल्या की मोबाइलवर फोटो काढून क्रमाने लावा आणि संवाद मोठ्याने, ठरलेल्या लयीत वाचा. नवख्यांच्या बोर्डात इथे हमखास दिसतं, की प्रत्येक ओळीला बोलणाऱ्याचाच चेहरा आहे. ऐकणारा कुठेच नाही. मला विचाराल तर भारतीय घरगुती प्रसंगांत निम्मी गोष्ट ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडते.

शेवटी दिवसाचं गणित. 12 तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा तास वजा करा. लाइट बदलून शॉट घ्यायला सरासरी 40 मिनिटं धरली, तर जेमतेम 16 सेटअप (कॅमेरा-लाइटच्या मांडण्या) होतात. तुमच्याकडे 34 चौकटी असतील तर एकाच दिशेचे शॉट एकत्र बांधा आणि तरीही न बसणाऱ्यांवर दिग्दर्शकासमोर फुली मारा. कोणती चौकट ते शेवटपर्यंत सोडत नाहीत ते बघा आणि का, ते तिथेच विचारा. पहिल्या भेटीला नेताना एकच प्रसंग न्या, दोन मिनिटांचा, दोन वेगवेगळ्या क्रमांत मांडलेला. सोबत खोलीचा नकाशा आणि खोडरबर.