लाल शाईचा शेरा

माझा मुलगा तिसरीत असताना त्याच्या मराठीच्या वहीत ‘कमळ’चे ‘कळम’ झाले होते, ‘ब’ आणि ‘व’ यांची पानोपानी अदलाबदल होती आणि खाली बाईंनी लाल शाईने ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारला होता. हाच मुलगा एकदा ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह सांगायचा. तीच लिहायला बसला की मात्र रडवेला व्हायचा. आळशीपणा समजून मीही त्याला एकेक शब्द वीस-वीस वेळा लिहायला लावला, याचे मला आजही फार वाईट वाटते.

त्याला डिस्लेक्सिया होता. हा बुद्धीचा दोष नव्हे; अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालताना मुलाला अडचण येते. १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यातील ७ प्रकारांत डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते; २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत ते मिळाले. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असल्यास दहावीला जादा वेळ आणि लेखनिकही मिळतो. परंतु मुलावर शिक्का बसेल या भीतीने कित्येक पालक तपासणीच टाळतात, आणि अनेक शाळांना या सवलतींची आठवण बोर्डाचे वर्ष जवळ आल्यावरच होते. वाचायला शिकण्याची तिसरी-चौथीतली वर्षे तोवर निघून गेलेली असतात.