ग्रँड पोर्टेज : ओझ्यांची वाट

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला मिनियापोलिस ते डुलुथ हा रस्ता कंटाळवाणा आहे, तो सोडून देते. डुलुथनंतर मात्र हायवे 61 सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने जातो आणि कॅनडाची सरहद्द यायच्या थोडं आधी ग्रँड पोर्टेज लागतं. हे ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचं गाव. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात.

बहुतेक पर्यटक इथे लाकडी तटबंदीच्या आतला ग्रेट हॉल बघायला येतात. 1784 ते 1803 या काळात नॉर्थ वेस्ट कंपनीचं हे मोठं ठाणं होतं. बीव्हरची कातडी इथून माँट्रियलला आणि तिथून युरोपला जायची, तिकडे त्यांच्या टोप्या व्हायच्या. आत्ताच्या इमारती नव्याने उभारलेल्या आहेत. नीट केल्यात, पण तासाभरात बघून होतात.

आम्ही आलो होतो ते गावातल्या एका आजींबरोबर चालायला. वडीलधाऱ्यांकडून काही जाणून घ्यायचं तर आधी त्यांच्या हातात तंबाखू द्यायची, अशी इथली रीत. तंबाखू म्हटलं की मला चंची आणि चुना आठवतो, त्यामुळे ती पुडी दोन्ही हातांनी देताना जरा गंमतच वाटली. आजींनी मात्र ती गंभीरपणे घेतली. पुढे दिवसभर कुठलंही पान खुडायच्या आधी त्यातली चिमूट त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवत होत्या.

पिजन नदी सरोवराला मिळण्याआधीच्या टप्प्यात धबधबे आणि खळाळ एवढे आहेत, की तिथून होडी नेणं अशक्य. म्हणून साडेआठ मैलांची, म्हणजे जवळजवळ 14 किलोमीटरची ही माल वाहून न्यायची पायवाट, म्हणजेच पोर्टेज. कंपनीचे हमाल सुमारे 40 किलोचा एक असे दोन गठ्ठे एकदम उचलायचे, कपाळावरून पट्टा घेऊन. हे सगळं पाटीवर लिहिलेलं आहे. आजी तिथे फार थांबल्या नाहीत. वाट कंपनीच्या आधीपासून आमचीच आहे, एवढंच म्हणाल्या. अमेरिकेची हद्द ठरल्यावर कंपनीने 1803 मध्ये ठाणं उत्तरेला हलवलं, गाव जागच्या जागी राहिलं.

त्या थांबल्या बर्चपाशी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढला की बाहेरची साल सहज सुटते. तेवढीच काढायची, आतल्या सालीला खोल सुरी लागली तर झाड जातं. या सालीची होडी, स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली, सांध्यांना राळ, आतून सीडरच्या फासळ्या. व्यापाऱ्यांच्या मोठ्या होड्या 11 मीटरपर्यंत लांब असायच्या आणि त्या बांधायची विद्या इथल्याच लोकांची. ग्रेट हॉलमधली चांदीची भांडी बघून झाल्यावर हे ऐकलं, आणि त्या व्यापाराचं खरं भांडवल कुणाचं होतं ते कळलं. पुढे बाल्सम फरच्या खोडावरचा फोड आजींनी नखाने फोडला. त्यातली राळ जखमेवर लावतात. डासांनी फोडून काढलेल्या लेकीने लगेच हात पुढे केला.

आम्ही पानं तोडतोय ते चालतं का, असं नवऱ्याने विचारलं. तुम्हाला नाही, मला चालतं, असं म्हणून त्या मनापासून हसल्या. 1854 च्या ला पॉइंट करारात ओजिब्वेंनी सरोवराच्या उत्तर काठचा प्रचंड मुलूख अमेरिकेच्या सरकारला दिला, पण त्यात शिकार, मासेमारी आणि रानमेवा गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. तो आजही चालतो. ठाणं आणि वाट मिळून आता राष्ट्रीय स्मारक आहे, 1999 पासून त्याची देखभालही करार करून इथला बँड, म्हणजे त्यांचं स्वतःचं सरकार, बघतो.

दुपारनंतर हॅट पॉइंट या सरोवरात घुसलेल्या टोकावर गेलो. तिथे उघड्या खडकावर एक पीळदार सीडर उभा आहे, वय तीनशेच्या वर. सरोवरात होडी घालायच्या आधी इथे तंबाखू वाहतात. पूर्वी लोक खोड खरवडून जायचे, म्हणून आता बँडच्या माणसाशिवाय झाडापाशी जाता येत नाही. हा नियम मला पूर्ण पटला. आजींनी फोन आत ठेवायला सांगितले, त्यामुळे या पोस्टमध्ये झाडाचा फोटो नाही.

समोर आइल रॉयल दिसत होतं. त्या बेटावर लांडगे जेमतेम दोन उरले होते, म्हणून 2018 मध्ये इथल्या राखीव मुलखातले काही लांडगे पकडून तिकडे नेले. त्यातली एक मादी जानेवारी 2019 अखेर सरोवर गोठल्यावर बर्फावरून चालत थेट मुख्य भूमीवर परत आली. हे सांगताना आजींना भारी मजा वाटत होती.

जाणार असाल तर जून-जुलैत डासांची जाळी डोक्यावर हवीच. पूर्ण वाट चालायची असेल, तर वाटेच्या पलीकडच्या टोकाला, फोर्ट शार्लटला तंबू टाकून दुसऱ्या दिवशी परता. परवाना आधी घ्या. एका दिवसात जाऊन-येऊन 17 मैल होतात, आणि मधला दलदलीचा पट्टा गुडघ्यांचा हिशेब घेतो.