'लाइफहाउस': न झालेला अल्बम आणि घरातला ऑर्गन

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचं मला सगळ्यात आवडतं काम त्यांनी पूर्णच केलं नाही.

1969 मध्ये आलेला त्यांचा 'टॉमी' हा अल्बम तुफान चालला आणि बँडचा गिटारवादक व मुख्य गीतकार पीट टाउनशेंडच्या डोक्यात त्याहून मोठं काहीतरी शिजायला लागलं. 'लाइफहाउस' नुसता अल्बम नव्हता. सिनेमा, मैफल, प्रेक्षक, सगळंच त्यात होतं. गोष्ट अशी : प्रदूषणामुळे बाहेर जगणं अशक्य झालंय. माणसं खास सूट चढवून पडून असतात आणि 'ग्रिड' नावाच्या जाळ्यातून त्यांना आयते अनुभव पुरवले जातात. रॉक संगीत नामशेष झालंय. मग बॉबी नावाचा एकजण चोरून मैफल भरवतो. तिथे असा एक स्वर सापडतो, की जमलेली माणसं त्यात विरूनच जातात.

टाउनशेंडने इंटरनेट आधीच ओळखलं होतं, असं लोक कौतुकाने सांगतात. असेल. मला रस आहे तो त्या स्वरात. टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. आपल्या पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला समाधी असलेले, तेच. शिवाय सूफी गुरू इनायत खान यांचं नादाबद्दलचं लेखन त्याने वाचलेलं. मी हार्मोनियमवर साथ करते. तानपुरे नीट जुळले की कुणीही न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो, त्यामुळे ही कल्पना मला तरी वेडगळ वाटत नाही.

पण ती करून कशी दाखवायची? 1971 च्या सुरुवातीला लंडनच्या यंग विक थिएटरात प्रयोग सुरू झाले. श्रोत्यांची माहिती सिंथेसायझरला पुरवायची, त्यातून प्रत्येकाची वेगळी धून काढायची आणि शेवटी सगळ्या एकत्र मिसळायच्या, असा बेत. आलेल्या लोकांना हवी होती जुनी गाणी. बँडमधल्या बाकीच्यांनाही गोष्ट धड कळेना. मॅनेजर किट लँबर्टशी संबंध बिघडलेले. न्यूयॉर्कमधलं रेकॉर्डिंग फसलं आणि टाउनशेंड मनाने पार कोलमडायच्या बेतात आला. शेवटी लंडनमध्ये ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सने गोष्ट बाजूला ठेवून एक नेटका अल्बम काढायला लावला. ऑगस्ट 1971 मध्ये 'हूज नेक्स्ट' आला. नऊ गाणी, त्यातली आठ 'लाइफहाउस'ची. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

त्यातलं पहिलं गाणं 'बाबा ओ'रायली'. बाबा म्हणजे मेहेरबाबा, रायली म्हणजे संगीतकार टेरी रायली. सुरुवातीची ती गरगरणारी सुरावट बाबांची माहिती यंत्रात घालून निघाली, असं अजून ऐकू येतं. कल्पना तशी होती खरी. प्रत्यक्षात तो लोरी कंपनीचा घरगुती ऑर्गन, दाबलेला सूर आपोआप भराभर पुन्हा वाजवणारी 'मरिंबा रिपीट' ही सोय सुरू करून टाउनशेंडने हातांनी वाजवलेला! आवर्तनं फिरतात यंत्रासारखी, पण पट्टीवरची बोटं कुठे रेंगाळतात ते पेटी वाजवणाऱ्याला लगेच कळतं. माझ्या मते अख्ख्या बेतातला यशस्वी झालेला भाग हाच, आणि त्याला श्रोत्यांची माहिती वगैरे काही लागली नाही.

जॉन्सचं एरवी पटतं, पण 'प्युअर अँड ईझी' गाळायला नको होतं. त्या मूळ स्वराबद्दलचं गाणंच ते! टाउनशेंडने ते 1972 मध्ये स्वतःच्या अल्बमवर घेतलं आणि बँडची आवृत्ती 1974 मध्ये 'ऑड्स अँड सॉड्स'वर आली. 'हूज नेक्स्ट'वर त्याची खूण मात्र राहून गेलीय. 'द साँग इज ओव्हर' संपता संपता त्याची पहिली ओळ ऐकू येते. नवख्या श्रोत्याला ती कुठून आली याचा पत्ता लागत नाही.

टाउनशेंडने पुढेही पिच्छा सोडला नाही. 1999 मध्ये बीबीसीवर रेडिओ नाटक, 2000 मध्ये सहा सीडींचा संच, 2007 मध्ये तर माहिती भरली की तुमची धून बनवून देणारी वेबसाइटसुद्धा. 2023 च्या भल्यामोठ्या संचात डेमोही आहेत; ते जरूर ऐका.

मी माझ्यापुरता तोडगा काढलाय. 'हूज नेक्स्ट'वरचं चौथं गाणं 'माय वाइफ' बँडचा बास गिटारवादक जॉन एंटविसल याचं आहे, 'लाइफहाउस'शी त्याचा संबंध नाही. ते काढून मी तिथे 'प्युअर अँड ईझी' घातलंय. पाचवं 'द साँग इज ओव्हर'च आहे, त्यामुळे शेवटची ती ओळ आता बरोबर कळते. एंटविसलच्या चाहत्यांनी खुशाल रागवावं.