तुम्ही विचारलंत म्हणून: एरिक आणि अर्नीत एवढं काय आहे?

घरात, ऑफिसात, नाटकाच्या ग्रुपवर, सगळीकडे मला हा एकच प्रश्न येतो, की बाई तू नाशिकची, इंग्लंडचं विमानतळसुद्धा बघितलेलं नाहीस, आणि रात्री जेवण झालं की मोरकम आणि वाइज नावाच्या दोन कधीच गेलेल्या ब्रिटिश विनोदवीरांचे 50 वर्षांपूर्वीचे टीव्ही शो लावून खिदळत बसतेस, त्यात एवढं आहे तरी काय? भाचा तर सरळ म्हणतो, मावशी यांची प्रिंटच किती खराब आहे.

ज्यांना ही जोडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक मोरकम म्हणजे उंच, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि अर्नी वाइज म्हणजे बुटका, नीटनेटका, स्वतःवर बेहद्द खूश. एरिकचं खरं आडनाव बार्थोलोम्यू, मोरकम हे त्याच्या लँकेशायरमधल्या समुद्रकाठच्या गावाचं नाव, तेच त्याने लावून घेतलं. अर्नी लीड्सकडचा. पोरवयातच एका फिरत्या बालकलाकारांच्या शोमध्ये दोघं भेटले, एरिकच्या आईने डोक्यात घातलं की जोडी करा, आणि 1941 साली लिव्हरपूलला ते पहिल्यांदा जोडी म्हणून स्टेजवर आले. 1984 मध्ये एरिक गेला तोपर्यंत जोडी टिकली.

आता ब्रिटिश माणसाला विचारलं की हे लोक अजून का आवडतात, तर तो ख्रिसमसबद्दल बोलायला लागतो. म्हणजे ख्रिसमसची संध्याकाळ, आजी सोफ्यावर, सगळं घर टीव्हीसमोर आणि समोर हे दोघं. 1977 चा ख्रिसमस शो 2 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी बघितला असा बीबीसीचा आकडा आहे, दुसऱ्या मोजणीत तो 2 कोटी 10 लाखांच्या आसपास येतो, पण लहान आकडा धरला तरी साडेपाच कोटींच्या देशात हे प्रचंडच झालं. अर्थात तेव्हा चॅनेल होती तीन, त्यामुळे जाणार कुठे लोक. तर तिकडचं उत्तर असं की हे सगळं आठवणींमुळे टिकलंय.

मला हे उत्तर पटत नाही आणि त्याचा पुरावा मीच आहे. माझ्याकडे यातली एकही आठवण नाही. ना तो सोफा, ना ती आजी, ना तो ख्रिसमस. त्यातले निम्मे पाहुणे मला ओळखू येत नाहीत, डेस ओ'कॉनर नावाच्या गायकाची ते सारखी खिल्ली उडवतात त्याचं गाणं मी कधी मुद्दाम ऐकलेलंही नाही. तरी मी हसते, म्हणजे हसू दुसरीकडून येतंय. मी हौशी नाटकांत बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, विंगेत वही घेऊन उभं राहून, त्यामुळे मला दिसतं की ते तालमीतून येतंय.

हे दोघं टीव्हीवर तयार झालेले नाहीत, व्हरायटीच्या, म्हणजे गाणी-नाच-जादू-विनोद असा मिसळ कार्यक्रम करणाऱ्या थिएटरांत तयार झालेत, जिथे प्रेक्षक कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. ग्लासगोचं एम्पायर थिएटर तर इंग्लिश विनोदवीरांचं स्मशान म्हणून बदनाम होतं. तिथे हे दोघं एकदा पूर्ण शांततेत आपला आयटम संपवून आत आले तर विंगेतला फायरमन म्हणाला, तुम्ही आवडायला लागलात की त्यांना! हा किस्सा पुढे ते स्वतःच सांगायचे. बीबीसीवरची 1954 ची पहिली मालिकाही आपटली, एका पेपरने लिहिलं की टीव्ही म्हणजे मोरकम आणि वाइजना जिच्यात पुरलं ती पेटी, आणि ते कात्रण एरिक पाकिटात बाळगून असायचा म्हणतात. असं आपटून झालेल्या माणसाचं टायमिंग वेगळंच असतं, त्याला कळलेलं असतं की लाफ्टर फुकट येत नाही.

उदाहरण द्यायचं तर आंद्रे प्रेव्हिनचं, 1971 च्या ख्रिसमस शोमधलं. प्रेव्हिन तेव्हा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर, म्हणजे खराखुरा मोठा माणूस. त्याला इथे बोलावून आणलंय, एरिक ग्रीग या संगीतकाराचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने पियानो, वाजवणार आहे म्हणे, आणि एरिक त्याला शेवटपर्यंत अँड्र्यू प्रिव्ह्यू म्हणतो. प्रेव्हिनला तालमीला वेळच मिळाला नव्हता, विमानतळावरून येताना गाडीत संवाद पाठ केले. त्यामुळे एरिकला आतून धाकधूक, की हा माणूस आपल्याला बुडवणार. मग कुठल्याशा क्षणी प्रेव्हिन म्हणतो ठीक आहे, मी बॅटन (कंडक्टरची छडी) घेऊन येतो. एरिक म्हणतो हो या. आणि प्रेव्हिन, चेहऱ्यावरची रेष न हलवता, म्हणतो, शिकागोला आहे ते. तिथे एरिकचा चेहरा बघा. त्या एका वाक्यात त्याला कळलं की या माणसाला पॉज कळतो, आणि तो जो सुटतो तिथून, ते लिहून दिलेलं नाहीये हो, तो खरा आनंद आहे, एका कलाकाराला समोर दुसरा कलाकार सापडल्याचा. पुढे पियानोच्या झाकणाआड कंडक्टर दिसत नाही म्हणून प्रेव्हिनला उड्या मारायला लावणं, मग भलतंच काहीतरी वाजवून झाल्यावर प्रेव्हिनची कॉलर धरून ते सुप्रसिद्ध उत्तर, की मी स्वर सगळे बरोबरच वाजवतोय, फक्त क्रमाने असतीलच असं नाही. गंमत म्हणजे ही कल्पना त्यांची काही वर्षं आधी आयटीव्ही या दुसऱ्या चॅनेलच्या मालिकेत करून झाली होती, म्हणजे जुनाच आयटम परत घासूनपुसून आणलेला. पण पहिल्यांदा त्यात प्रेव्हिन नव्हता.

लेखकाबद्दल बोलायलाच हवं, कारण लेखकाला कुणी विचारत नाही. 1968 च्या शेवटी एरिकला हार्ट अटॅक आला, दरम्यान जुने लेखक सोडून गेले आणि एडी ब्रॅबन आला, जो आधी लिव्हरपूलच्या मंडईत फळं-भाजी विकायचा. त्याने काय केलं तर जोडीचं नातंच बदललं. आधी एरिक येडा आणि अर्नी शहाणा असा नेहमीचा मामला होता. ब्रॅबनने बघितलं की या दोघांचा खऱ्या आयुष्यात एकमेकांवर जीव आहे, मग तेच लिहू की. अर्नी झाला स्वतःला महान नाटककार समजणारा आणि एरिक झाला त्याची दिवसभर टर उडवणारा, पण बाहेरच्या कुणी अर्नीला बोललं तर मधे पडणारा. दोघं एकाच बिछान्यात झोपतात, एक पेपर वाचतोय एक नाटक लिहितोय, असे प्रसंग त्याने लिहिले तेव्हा एरिकला जरा कसंतरी वाटलं होतं, पण लॉरेल-हार्डी झोपायचेच ना, म्हटल्यावर तो तयार झाला.

आणि हो, लोकप्रिय झालेलं सगळंच टिकतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. 'माइंड युवर लँग्वेज' ही परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची ब्रिटिश मालिका आपल्याकडे केवढी चालली, तिच्यावरून 1993 मध्ये पंकज कपूरची 'ज़बान संभालके' आली, आणि आज ती मूळ मालिका लावली तर मला दोन भागांच्या पुढे बसवत नाही, कारण प्रत्येक पात्र म्हणजे एका देशाचा ठसा आणि एकच जोक, तोच दर आठवड्याला. तिथे कुणाचं कुणावर प्रेम नाही. उलट विनोदी जादूगार टॉमी कूपर बघा, डोक्यावर लाल फेज टोपी, जादूचे प्रयोग सारखे फसतायत, आणि हा खरा मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेचा मेंबर, म्हणजे नीट जादू येत असल्याशिवाय असं अचूक फसताही येत नाही. 15 एप्रिल 1984 ला लाइव्ह शोमध्ये तो स्टेजवर कोसळला आणि हा पण आयटमच म्हणून लोक हसत राहिले. तो भाग मी बघितलेला नाही, बघणारही नाही.

मग सुरुवात कुठून करू, असा पुढचा प्रश्न असतोच. 1976 चा ब्रेकफास्टचा आयटम लावा, त्यात बोलणंच नाही, त्यामुळे सबटायटल्सची कटकट नाही. दोघं सकाळी किचनमध्ये नाश्ता बनवतायत, रेडिओवर स्ट्रिपटीजचं म्युझिक लागतं, आणि ग्रेपफ्रूट कापणं, टोस्ट उडणं, फ्रीजमधून सॉसेजची माळ निघणं, सगळं ठेक्यावर. मग प्रेव्हिन. अर्नीने लिहिलेली नाटकं पहिल्या फटक्यात नको, ती लांबतात, ग्लेंडा जॅक्सन या अभिनेत्रीचं क्लिओपात्रा सोडून. आणि मधे पाहुण्यांची गाणी लागतात ती सरळ पुढे ढकला, मीही तेच करते.