रोल बदलला की मशीन थांबतं

चाकणजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात आमचा कंट्रोलर बसवलेलं पाऊच पॅकिंगचं मशीन दिवसातून तीन-चारदा मध्येच थांबायचं. स्क्रीनवर फक्त ‘वॉचडॉग’. ऑफिसात टेबलावर तोच कंट्रोलर आठवडाभर अडखळला नव्हता. शेवटी लॅपटॉप घेऊन मी सकाळच्या पाळीलाच तिथे गेले. लाल तिखटाचं पॅकिंग चालू होतं, नाकाला रुमाल बांधूनच बसावं लागलं.

प्रोग्रॅम माझाच होता. लिनक्सवर चालणारे तीन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधली वेगवेगळी चालणारी तीन कामं. मोटर आणि पाऊच सील करणारा गरम जबडा, म्हणजे जॉ, सांभाळणारा दर 2 मिलिसेकंदांनी जागा होतो, त्याची प्रायॉरिटी 80; आकडा मोठा त्याला प्रोसेसर आधी. रोलवरची छापील खूण कॅमेऱ्यातून ओळखणारा 50. मेमरी कार्डावर नोंदी लिहिणारा 10. प्रोसेसरचा दुसरा कोअर स्क्रीनसाठी राखलेला, म्हणून तिघेही एकाच कोअरला बांधलेले. मोटरचा थ्रेड 100 मिलिसेकंद गप्प राहिला तर वॉचडॉग मशीन बंद करतो, आणि ते तसंच हवं. त्या जॉपाशी माणसांचे हात असतात.

पहिला उपाय मी तोच केला जो सगळे करतात. 80 चे 99 केले. तासाभरात मशीन पुन्हा थांबलं.

तेव्हा ऑपरेटर म्हणाले, “मॅडम, रोल बदलला की थांबतं. दरवेळी नाही. पण थांबतं तेव्हा रोल नुकताच बदललेला असतो.”

हे तक्रारीच्या कागदावर कुठेच नव्हतं, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. नवा रोल लागला की कॅमेऱ्याचा थ्रेड खूण नव्याने शिकतो आणि जवळजवळ 300 मिलिसेकंद प्रोसेसर सोडत नाही. पण 50 वाला 99 वाल्याला अडवेल कसा? प्रोसेसर कोणाला द्यायचा हे शेड्यूलर ठरवतो, आणि त्याच्या फिफो पद्धतीत वरचा तयार झाला की खालच्याला हटावंच लागतं.

पुढचा रोल बदलताना कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ट्रेस चालू ठेवला; कोणता थ्रेड कधी चालला ते त्यात दिसतं. सहाव्या रोलला सापडलं. नोंदींच्या थ्रेडने सामायिक माहितीचं लॉक घेतलं होतं; ते एका वेळी एकाच थ्रेडला मिळतं. मोटरचा थ्रेड जागा झाला, त्याने तेच लॉक मागितलं आणि वाट बघत झोपला. झोपलेल्याची प्रायॉरिटी 99 असली काय नि 1 असली काय, शेड्यूलर त्याच्याकडे बघत नाही. आता लॉक सुटायचं तर 10 वाल्याला प्रोसेसर मिळायला हवा होता, आणि नेमका तिथे 50 वाला येऊन बसला.

प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे खालच्यामुळे वरचा अडकणं. 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच दोषाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. हवामानाच्या नोंदींचं खालच्या प्रायॉरिटीचं काम लॉक धरून अडकायचं. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इन्हेरिटन्स चालू केल्यावर ते थांबलं. कॉलेजात हे मी मन लावून शिकले होते. स्वतःच्या कोडमध्ये ओळखायला सहा रोल लागले.

माझ्या म्यूटेक्सलाही, म्हणजे त्या लॉकलाही, तोच गुण दिला, पीथ्रेड या थ्रेडच्या लायब्ररीत तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. आता लॉक धरणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती मिळते. तरी दुपारी एकदा मशीन थांबलंच! यावेळी दोष सरळ माझा होता. लॉक हातात ठेवूनच मी कार्डावर लिहीत होते. कार्डाने वेळ लावला तर नोंदींचा थ्रेडही झोपतो, आणि झोपलेल्याला उसनी प्रायॉरिटी देऊन काय उपयोग? लॉकमध्ये फक्त आकडे उचलायचे, लॉक सोडायचं, मग निवांत लिहायचं, असं बदललं.

पाळी संपायला आली होती, तरी ऑपरेटर थांबले. संपत आलेले रोल शोधून आणले आणि एकामागून एक बारा वेळा बदलले. मशीन थांबलं नाही. निघण्याआधी 99 चे पुन्हा 80 केले. सगळ्यात वरची जागा कर्नलच्या स्वतःच्या कामांना मोकळी असलेली बरी.